बॉल ठेवून घेतलात, आता पुढे?

«आमचं रामबागेतलं जुनं घर भावाभावांत वाटणी होऊन विकलं गेलं आणि आम्ही दोघं आता इंदूरलाच अन्नपूर्णा भागात एका मल्टीत, म्हणजे बहुमजली इमारतीत, राहतो. फ्लॅट पहिल्या मजल्यावर. बेडरूमच्या बरोबर खाली पार्किंग, आणि तिथेच जनरेटरच्या खोलीचं लोखंडी शटर. मल्टीतली दहा-बारा मुलं शाळेतून आली की जी खाली उतरतात ती रात्री साडेनऊपर्यंत. टेनिस बॉलचं क्रिकेट, सितोलिया (म्हणजे लगोरी), काय वाटेल ते. विकेट म्हणजे ते शटर. ह्यांचं बायपास झालेलं आहे. संध्याकाळी जरा आडवे झाले की खालून धाडकन आवाज येतो आणि दचकून उठून बसतात. चौकीदाराला सांगून झालं, गॅलरीतून ओरडून झालं. एक दिवस बॉल गॅलरीत आला तो मी परत दिलाच नाही. नंतरचे दोनही ठेवून घेतले. त्यावर एका मुलाच्या आईने मल्टीच्या ग्रुपवर लिहिलं, ‹जिनको इतनी शांति चाहिए वो फार्महाउस ले लें.› आपल्याच एका मराठी शेजाऱ्याने त्याला अंगठा दिला, ते जास्त लागलं. मुलं मला ‹बॉलवाली आंटी› म्हणतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दोन घरच्या बायका आल्या नाहीत. रहवासी संघाने ‹पार्किंग में खेलना मना है› अशी पाटी लावली, ती दुसऱ्या दिवशी उलटी टांगलेली. समोरच्या विंगमधले एक गाडीवाले म्हणतात, आंटी तुम्ही लेखी द्या, आम्ही मागे आहोत. मुलगा पुण्याहून सांगतो, सरळ 112 ला फोन लाव. हे म्हणतात, जाऊ दे. कायदा काय सांगतो? आणि माझं चुकलं का?»

काकू,

112 ला फोन लावू नका. मुलगा लांब राहतो, आईची काळजी वाटते, म्हणून त्याला तो उपाय सुचला. पण शिपाई येऊन गेल्यावर रोज त्याच जिन्याने तुम्हालाच चढायचं-उतरायचं आहे, त्याला नाही.

कायद्याचं विचारलंत म्हणून सांगते. आवाजाबद्दलचे नियम सन 2000 चे आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 ही मर्यादा, आणि रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. आता गंमत बघा, दोन माणसं हातभर अंतरावरून साधं बोलत असतील तरी तो आवाज 60 च्या आसपास भरतो. म्हणजे आकडा हातात घेऊन भांडायला गेलात तर तुमचा कुकरसुद्धा आरोपी ठरेल. त्या नियमांचा रोख भोंगे, डीजे, रात्रीचे फटाके, हॉर्न आणि बांधकामाची यंत्रं यांच्यावर आहे. संध्याकाळी साडेसहाला खेळणाऱ्या पोरांवर कारवाई करायला ते बनवलेलेच नाहीत. शिवाय सात वर्षांखालच्या मुलाने केलेली कुठलीच गोष्ट आपल्या फौजदारी कायद्यात गुन्हा ठरत नाही, आणि तुमच्या शटरवर बॉल मारणाऱ्यांत दोन-तीन तरी तेवढेच असतील. जर्मनीसारख्या शांतताप्रिय देशाने 2011 मध्ये कायद्यातच लिहून टाकलं की पाळणाघर आणि खेळाच्या मैदानावरून येणारा मुलांचा आवाज हा सर्वसाधारणपणे उपद्रव धरायचा नाही. तिथेही आधी शेजारी कोर्टात जात होतेच.

पार्किंगचं म्हणाल तर ते सगळ्यांच्या मालकीचं. 2016 च्या रेरा कायद्यात, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांना लागू असलेल्या कायद्यात, सामायिक जागांची व्याख्या आहे, त्यात जिने, गच्ची, मोकळं पार्किंग यांच्या बरोबरीने खेळायच्या जागाही मोजलेल्या आहेत. तुमच्या मल्टीच्या नकाशात मुलांसाठी काही जागा दाखवली होती का, हे एकदा संघाच्या अध्यक्षांना विचाराच. कागदावरच्या बागेत पुढे बोअरिंगची मोटर आणि जनरेटर येऊन बसतो, हे आपल्या इंदूरला काही नवीन नाही. मुलं शटरला विकेट मानतात, कारण त्यांच्या वाट्याला आता तेवढंच उरलं आहे. कॉलनीचा बगीचा असेल, पण मध्ये वाहता रस्ता असेल तर आठ वर्षांच्या मुलाला कोण एकटं सोडणार? संघाची पाटी ‹कुठे खेळू नका› एवढंच सांगते. कुठे खेळा हे त्यावर लिहिलेलं नसलं तर ती पाटी उलटीच लटकणार.

आता तुमचं चुकलं का. आवाजाचा त्रास झाला यात काही चूक नाही. ज्याच्या छातीवर टाके आहेत त्याच्या घरात तो धाडकन आवाज काय करतो, हे ग्रुपवर फार्महाउस सुचवणाऱ्या बाईंना कळलेलं नाही. पण बॉल ठेवून घ्यायला नको होता. दुसऱ्याची वस्तू ती, आणि मुलांच्या हिशेबात बॉल म्हणजे वर्गणी काढून आणलेला ऐवज. पहिला बॉल अडकला तेव्हा तुम्ही ‹रागावणारी आंटी› होतात. तिसऱ्या बॉलनंतर वादाचा विषयच बदलला. आवाज बाजूला पडला आणि बॉल कोणाचा, गॅलरी कोणाची, यावर लोक बोलायला लागले. त्या भांडणात तुमची बाजू लंगडी आहे.

तेव्हा बॉल परत द्या, तिन्ही. चौकीदाराच्या हाती पाठवू नका, मुलांच्या आईच्या हातात तर नकोच. संध्याकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी स्वतः खाली जा आणि जो त्यांच्यात कॅप्टन असेल त्याच्या हातात द्या. सोबत चॉकलेट, लाडू काही नको. मुलांना लाच लगेच ओळखू येते. नाव विचारा. सगळ्यांची विचारा. घरी येऊन कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलीत तरी चालेल. ज्या पोराचं नाव माहीत आहे त्याला वरून हाक मारून ‹अरे, आज काका झोपलेत› एवढं म्हणता येतं. नाव माहीत नसलं की तोंडातून ‹ए पोरांनो› निघतं आणि त्याचा सूर आपोआप चढतो.

याच वेळी मुख्य काम करायचं आहे, ते नीट सांगते.

दोन संध्याकाळी बेडरूममध्ये बसून फक्त ऐका. तुम्हाला नेमका त्रास कशाचा होतो? पत्रात तुम्ही ‹आवाज› हा शब्द एकदा नाही, दोनदा वापरायला हवा होता, कारण तिथे दोन वेगळे प्रकार आहेत. एक मुलांची आरडाओरड आणि दुसरा शटरवर बसणारा दणका. आरडाओरडीची कानाला सवय होते. ती हवेतून येते आणि खिडकी लावली की निम्मी कमी होते. दणक्याचं तसं नाही. पत्र्यावर बॉल आदळतो, पत्रा त्याच्या चौकटीसकट हादरतो, ती थरथर खांबातून आणि स्लॅबमधून थेट तुमच्या पलंगाखाली येते. खिडक्या बंद करा, जाड पडदे लावा, काही उपयोग नाही. त्यात असल्या खांबांमधल्या (स्टिल्टच्या) पार्किंगला वर स्लॅब, खाली फरशी, बाजूला भिंती, सगळं टणक. आवाज मुरायला जागाच नाही. आणि दणका कधी बसेल हे आधी कळत नाही, म्हणून झोपलेला माणूस दचकतो. सलग चाललेल्या पंख्याने कोणी दचकत नाही.

म्हणजे तुमचा खरा वैरी ते शटर आहे, आणि शटरचा बंदोबस्त मुलांना घरी पाठवण्यापेक्षा पुष्कळ सोपा आहे. विकेट हलवायची. कंपाउंडच्या भिंतीकडे, जिथे वर कोणाची बेडरूम नसेल तिथे खडूने तीन रेघा ओढल्या की झाली विकेट. ते जमतच नसेल तर शटरसमोर दोरीवर जुनी गादी किंवा दुहेरी सतरंजी टांगायची, तळाशी विटेचं वजन, आणि मध्ये वीतभर अंतर, म्हणजे बॉल गादीला लागेल, पत्र्याला नाही. (जनरेटरच्या खोलीची हवा कोंडणार नाही, एवढं इलेक्ट्रिशियनला विचारून घ्या, आणि खेळ संपला की गादी गुंडाळून ठेवायची.) सहा-सात वर्षांच्या मुलांना स्पंजचा बॉल चालतो. मोठे मात्र नाक मुरडतील, त्यांना टेनिस बॉलच हवा असतो, तिथे हट्ट करू नका.

आणि सगळ्यांत उपयोगाची गोष्ट म्हणजे खेळाचा नियम. गल्लीतल्या क्रिकेटला स्वतःचं संविधान असतं हे तुम्हीही रामबागेत पाहिलं असेल. एक टप्पा आउट, भिंतीपलीकडे गेला तर आउट आणि मारणाऱ्यानेच आणायचा. जागा जशी असेल तसे नियम होतात आणि पोरं ते इमानाने पाळतात, कारण न पाळणाऱ्याला बाकीचे खेळूच देत नाहीत. तेव्हा त्या कॅप्टनला म्हणा, ‹शटरला डायरेक्ट लागला तर बॅट्समन आउट, असा रूल करा.› त्याला विचार करू द्या. तो म्हणेल, बोल्ड झाल्यावर तर शटरलाच लागणार; मग विकेट कुठे हलवायची हे तोच शोधेल. चौकीदाराने शंभर वेळा सांगून जे झालं नाही ते सातवीतल्या मुलाच्या ‹आउट है बे!› ने होतं. शटरवर बॉल गेला की प्रतिस्पर्धी टीमच ओरडेल. आरडाओरड थोडी वाढेल, दणका कमी होईल. हा सौदा तुम्ही करावा असं माझं मत.

क्रिकेटच बंद करा म्हणाल, तर इंदूरमध्ये ते अवघड आहे. होळकरांच्या संघाने चार वेळा रणजी जिंकलेलं हे गाव, आणि 2025 मध्ये आपल्याच रजत पाटीदारने बंगळूरुच्या टीमचा कप्तान म्हणून आयपीएलचा कप उचलला तेव्हापासून प्रत्येक पार्किंगमध्ये एक पाटीदार आहे. पण क्रिकेटवाल्यांचीही एक खोड आहे. सात-आठ मोठी मुलं सगळी जागा अडवतात आणि लहान पोरं, मुली, बॅडमिंटनवाल्या कडेला उभ्या राहतात. आठवड्यातले दोन दिवस क्रिकेटला सुट्टी आणि पार्किंग या बाकीच्यांचं, असं ठरलं तर तुम्हालाही दोन संध्याकाळी दम मिळेल. सितोलियाच्या फरश्या कोसळतानाही आवाज होतोच, पण तो शटरचा नाही.

वेळेचं बोलू. साडेनऊ हे अतिच आहे. बॅट आठ वाजता बंद, ही मागणी कुठल्याही आईला पटेल, कारण होमवर्क तिलाच करून घ्यायचा असतो. मे महिन्यात मात्र थोडं सैल सोडा. चाळीसच्या वरच्या उन्हात सहाच्या आधी मूल खाली उतरत नाही, मग आठला बंद म्हटलं तर काय खेळणार? तेव्हा नऊ करा. उलट सुट्टीतल्या दुपारी मुलं गारव्याला जिन्यात बसतात आणि जिना म्हणजे पार्किंगपेक्षा घुमणारी जागा. दोन ते चार काकांची झोप असेल तर त्या वेळेसाठी खालच्या कोपऱ्यात एक कॅरम ठेवायला सांगा संघाला.

खेळाला नियम लावायचं अजून एक कारण आहे, आणि ते तुमच्या कारणापेक्षा वजनदार आहे. साडेसहा ते साडेसात ऑफिसातून गाड्या परत येतात. बॉलमागे धावणारं चार फुटांचं मूल रिव्हर्स घेणाऱ्या गाडीच्या आरशात दिसत नाही. संघापुढे हा मुद्दा मांडा. गेटवर गाडी आली की चौकीदाराने शिट्टी मारायची, शिट्टी वाजली की खेळ थांबवून सगळ्यांनी भिंतीला लागायचं. आवाजाचं भांडण नसतं तरी हा नियम झालाच पाहिजे.

आता गाडीवाल्या शेजाऱ्यांबद्दल. ‹आंटी तुम्ही लेखी द्या, आम्ही मागे आहोत› म्हणणाऱ्यापासून जपून. त्यांना काकांच्या झोपेशी देणंघेणं नाही, नव्या गाडीवर ओरखडा नको आहे. ती काळजीही खोटी नाही, पण मग अर्ज त्यांनी स्वतःच्या नावाने द्यावा. तुमच्या खांद्यावर बंदूक ठेवून ते नेम धरतील आणि धुराने डोळे तुमचे चुरचुरतील. याच माणसांच्या घरच्या लग्नात डीजे किती वाजेपर्यंत होता, ते ग्रुपवर कोणी लिहिलं नाही. रंगपंचमीच्या गेरीच्या मिरवणुकीत राजवाड्याला भोंग्यापुढे नाचणारं हे गाव मुलांच्या ‹हाउज दॅट›ने हैराण होतं, याचं मला नेहमीच नवल वाटतं. असो.

ग्रुपवर काहीही लिहू नका. खुलासा नको, माफी नको, सुविचार तर मुळीच नको. त्या बाईंच्या घरी जा. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, नाश्ता आटोपलेला असतो आणि स्वयंपाकाला अवकाश असतो. काकांना बरोबर नेऊ नका, नाहीतर ते दारातच ‹जाने दो जी› म्हणून विषय संपवतील. बोलणं यांच्या तब्येतीपासून सुरू करा, बॉलपासून नको. ‹इनका बायपास हुआ है, शटर पे बॉल लगती है तो घबरा जाते हैं. बॉल रख ली थी, वो मैंने बच्चों को दे दी. बच्चे खेलें, बस जगह थोड़ी बदल लें,› इतकं पुरे. फार्महाउसचा उल्लेख तुम्ही करायचा नाही. त्यांनी स्वतःहून केला तर हसून चहा घ्या. तिची बाजूही जरा बघा. दोन खोल्यांचा फ्लॅट, दिवसभर नोकरी, मूल मोबाइल घेऊन बसलं तर सासू बोलते आणि खाली पाठवलं तर मल्टी बोलते. तुमच्या गॅलरीतून आलेली हाक तिला आपल्या आईपणावरचा शेरा वाटली असणार. तिने तसं लिहायला नको होतंच.

मराठी शेजाऱ्याच्या अंगठ्याचं मनाला लावून घेऊ नका. लोक ‹पाणी येणार नाही› या निरोपालाही अंगठा देतात. हळदीकुंकवाला न आलेल्यांना पुढच्या चैत्रगौरीच्या डाळ-पन्ह्याला फोन न करता, दारात जाऊन बोलावणं करा. आल्या तर आल्या. ‹बॉलवाली आंटी› हे नाव राहील, त्यात कुचेष्टा उरली नाही म्हणजे झालं. कोणी शिवी दिली किंवा मुद्दाम तुमच्या खिडकीवर दगड मारला, तर ती गोष्ट वेगळी. त्याच दिवशी, त्याच मुलाच्या आईवडिलांना समोर बसवून बोलायचं.

संघाची बैठक लावाल तेव्हा दोन मुलांना तिथे बोलवा, एक मोठा मुलगा आणि एक मुलगी. शोभेला नको, त्यांना आधी बोलू द्या. वेळ, विकेटची जागा, शिट्टी, क्रिकेटची सुट्टी, एवढं एका कागदावर मुलांच्याच अक्षरात लिहून लिफ्टजवळ लावा आणि ती मनाईची पाटी काढा.

यजमानांची एक गोष्ट मात्र बॉलवर ढकलू नका. दचकल्यावर धडधड बराच वेळ राहते का, रात्रीही झोप मोडते का, हे पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगा. तोवर संध्याकाळच्या पडण्यासाठी दुसरी खोली वापरून बघता येईल, जी शटरच्या डोक्यावर नाही.

ठरवलेलं पहिल्याच रविवारी मोडेल, हे धरून चाला. सव्वाआठला बॅट चालू असेल, पाहुण्यांचा एखादा मुलगा असेल ज्याला नियम माहीत नाही. गॅलरीतून ओरडू नका. कॅप्टनच्या घराची बेल वाजवा आणि ‹तेरे रूल का क्या हुआ?› एवढंच विचारा. तीन आठवडे असं करून पाहा. त्यानंतरही शटर रोज वाजत असेल तर मला पुन्हा लिहा, मग अध्यक्षांना द्यायच्या अर्जाचा मजकूर आपण मिळून करू, आणि त्यावर आधी त्या गाडीवाल्यांची सही घेऊ.